बी६५० की एक्स६७०ई? कोल्हापुरात पीसी जुळवताना मदरबोर्डवर किती खर्च करावा

राजारामपुरीत नव्या पीसीची दोन-तीन कोटेशनं घेतली, तर सगळ्यात मोठी तफावत मदरबोर्डच्या ओळीत सापडते. एएमडीच्या त्याच रायझन ५ ७६०० प्रोसेसरसाठी एक जण ए६२० चिपसेटचा (बोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड लावतो, दुसरा एक्स६७०ई सुचवतो आणि किमतीत तिपटीचं अंतर पडतं. दहापैकी आठ जणांनी मधला, हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) असलेला बी६५० घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाग बोर्डामुळे प्रोसेसर वेगवान होत नाही. एक्स६७० मध्ये (एक्स६७०ई हा त्याचाच वरचा प्रकार) बी६५० चीच चिप असते, फक्त एकीला दुसरी जोडून दोन बसवलेल्या. त्यामुळे यूएसबी, साटा (डिस्कची वायर) आणि एम.२ (बोर्डवरच बसणारी एसएसडी) च्या जागा वाढतात, बाकी काही नाही. ग्राफिक्स कार्ड आणि पहिली एम.२ दोन्हीकडे थेट प्रोसेसरलाच जोडलेली असते. नंतर आलेल्या एक्स८७० मध्ये तर चिप एकच आहे. जादा पैसे जातात ते सक्तीच्या यूएसबी४ चे आणि ग्राफिक्सच्या पीसीआयई ५ (कार्ड जोडण्याचा वेगवान प्रकार) चे.

मग ए६२० का नको? त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, पण त्याने बहुतेकांचं काही अडत नाही. अडतं ते व्हीआरएमपाशी, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागापाशी. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, वरच्या श्रेणीतला रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत जातो. ए६२० च्या कित्येक बोर्डांवर या भागाला हीटसिंकच नसतो. तो तापला की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. पाच मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगाच्या चाचणीत, हे कळत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीसाठी कास्टिंग सिम्युलेशन तासन् तास चालवणाऱ्याला मात्र कळतं: पहिला भाग झपाझप होतो, पुढचा रेंगाळतो. लिक्विड कूलर लावला तर उलट भर पडते, कारण साध्या कूलरच्या पंख्याची जी थोडी हवा व्हीआरएमला लागायची तीही बंद होते. अशा वेळी केसचा मागचा आणि वरचा पंखा हवाच.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मागच्या बाजूचं बायॉस बटण (बायॉस म्हणजे बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर). एमएसआय त्याला फ्लॅश बायॉस म्हणतं, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस आणि आसुस बायॉस फ्लॅशबॅक. जुन्या स्टॉकमधल्या बी६५० वर रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर बसवला की स्क्रीन काळी राहते, कारण बायॉसला तो ओळखताच येत नाही. बटण असेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने नव्या बायॉसची फाइल टाकायची, २४ पिन आणि ८ पिन वायरी जोडायच्या आणि नेमून दिलेल्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून बटण दाबायचं. प्रोसेसर नसला तरी चालतं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून पावसाळ्यात हे काम यूपीएसवरच करा. बटण नसलं तर आधीच्या पिढीचा प्रोसेसर कुणाकडून तरी मागून आणावा लागतो.

रॅमच्या चार जागा बघून हुरळू नका. रायझन ७००० वर डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० एमटी/सेकंदवर येतो, दोन पट्ट्यांना तोच ५२०० आहे. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन घ्या, ६००० ची एक्स्पो (एएमडीसाठी वेग आधीच ठरवून दिलेली) जोडी असेल तर उत्तम. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅम तपासत काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतो. त्या वेळी घाबरून बटण दाबून बंद करू नका, तो बिघाड नव्हे.

टॅली, इंटरनेट आणि प्रिंटरपुरता पीसी असेल तर इंटेल प्रोसेसरसाठीचा एच६१० बोर्ड पुरतो. रॅमच्या दोनच जागा आणि पीसीआयई ३ वेगाची एम.२, एवढं मान्य असलं की झालं. एक्स६७०ई चे पैसे वसूल होतात ते रायझन ९ वर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याचे, ज्याला तीन-चार एनव्हीएमई (एम.२ मधल्या वेगवान एसएसडी) आणि जलद यूएसबी एकाच वेळी लागतात.

पेठांतल्या जुन्या घरांत अर्थिंग नसेल तर केसला हात लावताच झिणझिण्या येतात. तिथे कितीही महाग बोर्ड घेतला तरी उपयोग नाही, आधी वायरमन बोलवा. पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेला पीसी उठला नाही, तर रॅम काढून तिचे पिवळे संपर्क पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि मग परत बसवा.

एएम५ मध्ये (या रायझन बोर्डांच्या सॉकेटचं नाव) पिना प्रोसेसरला नसून बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. पैसे देण्याआधी दुकानातच मोबाइलच्या टॉर्चने त्या तिरप्या कोनातून बघा, कारण वाकलेल्या पिना वॉरंटीत धरत नाहीत. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण डब्यात जपून ठेवा आणि बोर्डचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या.