सर्सी : जादूगारणीने स्वतः सांगितलेली हकिकत

होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या दहाव्या सर्गात सर्सी येते ती माणसांची डुकरे करणारी जादूगारीण म्हणून, आणि ही हकिकत आपल्याला कळते तीही ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या नायकाच्या, ओडिसियसच्याच तोंडून, कारण परक्या राजाच्या दरबारात बसून आपल्या प्रवासाची कहाणी तोच सांगत असतो. मॅडलिन मिलर यांनी ‘सर्सी’ (२०१८) या इंग्रजी कादंबरीत निवेदन तिच्याकडे सोपवले आहे. त्यामुळे ओडिसियस हा मध्येच येऊन जाणारा पाहुणा ठरतो, आणि सूर्यदेव हेलिओसच्या घरात नकोशी झालेली मुलगी, एकांतवासाची शिक्षा भोगणारी बाई, एकटीने मूल वाढवणारी आई असे तिचे आयुष्य समोर येते.

सर्वांत सकस भाग आहे तो आयाया या तिच्या एकांतवासाच्या बेटावरचा. सर्सीची विद्या तिला देवकुळातून आयती मिळालेली नाही. कोणती मुळी केव्हा खणावी, कोणता पाला वाळवावा, कोणता ओलाच कुटावा, हे ती चुकतमाकत शिकते. देवांना कष्ट ठाऊक नसतात आणि हिला ते आवडू लागतात. तिथेच ती देवांपासून तुटून माणसांकडे झुकते. खलाशांची डुकरे करण्याचे कारणही मिलर देतात. आश्रय मागायला आलेल्यांना तिने जेवू घातले, आणि घरात ती एकटीच आहे हे कळताच त्यांच्या नायकाने तिच्यावर अत्याचार केला. मूळ काव्यात नसलेला हा प्रसंग अंगावर येतो. तरीही लेखिका तिला निर्दोष ठरवण्याची घाई करत नाही, कारण मत्सरापोटी सिल्ला या अप्सरेची तिने जी राक्षसीण केली, तिचा भार सर्सी शेवटपर्यंत वाहते.

त्याच वर्षीच्या पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’मध्ये अकिलीस या ग्रीक वीराची युद्धात पकडलेली दासी ब्रिसेइस बोलते. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’मध्ये तिच्या वाट्याला एकच भाषण आले आहे, ते अकिलीसच्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या मृतदेहावरच्या शोकाचे. बार्कर छावणीतल्या गुलाम बायकांचे जगणे रोखठोक मांडतात, पण मध्येच निवेदन अकिलीसच्या बाजूने सरकते आणि कादंबरीची पकड सैल होते.

या पुस्तकांविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे. नायिकेचा आवाज पुष्कळदा आजच्या शहरी, शिकलेल्या बाईचा निघतो आणि देवाविषयीची भक्ती त्यातून गळून पडते. परशुरामाने पित्याच्या आज्ञेवरून आईचे शिर उडवले, हे माहूरगड चढणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना पक्के ठाऊक असते, आणि त्या हात जोडतात ते त्या आईपुढेच, रेणुकेपुढे. ग्रीकांकडे अपोलो देवाच्या आदेशावरून ओरेस्टिस आपल्या आईला, क्लायटेम्नेस्ट्राला मारतो, आणि प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात या खुनाच्या खटल्यात त्याच्या बाजूने मत टाकणारी अथेना ही स्वतः देवी असते. अशा देवीपुढे वाकणारी आणि त्याच वेळी तिच्यावर संतापणारी बाई कशी असेल, हे मला वाचायचे होते. मिलर यांची अथेना मात्र केवळ क्रूर शत्रू राहते.

तरीही सुरुवात ‘सर्सी’पासूनच करावी. इंग्रजी साधी आणि लयदार आहे, अपरिचित नावे संदर्भातून उलगडत जातात. परभणीत मला ते दुकानात मिळाले नाही, ऑनलाइन मागवावे लागले. सोबत एमिली विल्सन यांनी केलेले ‘ओडिसी’चे २०१७ सालचे इंग्रजी भाषांतर मिळाले, तर त्यातला दहावा सर्ग आधी वाचावा, मिलर यांनी काय ठेवले आणि काय बदलले, हे त्याशिवाय लक्षात येत नाही.