जज गेला, आता सोटो, हुलिओ, अकुन्या की कॅरल?

फँटसी बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (जिथे आळीपाळीने खरे खेळाडू आपल्या टीममध्ये उचलायचे) पहिला-दुसरा नंबर लागला असेल तर पुढचं वाचू नका, आरन जज मिळतोय तर घ्या आणि मोकळे व्हा. 2022 मध्ये 62 होमरन (आपल्या सिक्सरसारखे फटके), 2024 मध्ये 58, 2025 मध्ये 53 आणि वर .331 अ‍ॅव्हरेज (बॅटिंगला आल्यावर हिट बसण्याचं प्रमाण). एवढे होमरन मारणारा माणूस सहसा अ‍ॅव्हरेजमध्ये मार खातो, हा तर 2025 ला त्यात अख्ख्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग) पहिला. त्याची कोणाशी तुलना करण्यात अर्थ नाही.

खरी पंचाईत चौथ्या ते दहाव्या नंबरवाल्यांची. तिथे चार आउटफिल्डर (मैदानात मागे उभे राहणारे फिल्डर) समोर असतात आणि घड्याळ टिकटिकत असतं. मी 12 टीमची लीग आणि नेहमीच्या पाच कॅटेगरी (रन, होमरन, आरबीआय म्हणजे त्याच्या बॅटिंगवर आलेले रन, स्टील म्हणजे पळून चोरलेला पुढचा बेस, अ‍ॅव्हरेज) धरून बोलतोय, वर्ष न लिहिलेले आकडे 2025 चे.

आधी हुआन सोटो. 43 होमरन, 105 आरबीआय, 120 रन आणि 38 स्टील. हा 38 बघून लोक वेडे झालेत, पण थांबा जरा, त्याआधी त्याने एका सीझनमध्ये जास्तीत जास्त 12 स्टील केल्या होत्या आणि तो काही वाऱ्यासारखा पळणारा गडी नाही, पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) हालचाल वाचून योग्य वेळी निघतो एवढंच. 2023 पासून बेस 15 चे 18 इंच झाले, पिचरला पिकऑफवर (बेसवरच्या रनरला बाद करायला बॉल फेकण्यावर) मर्यादा आली, त्यामुळे एकूण मेजर लीगच्याच स्टील एका वर्षात 2,486 वरून 3,503 वर गेल्या, म्हणजे अक्कलहुशारीने पळणाऱ्याला आता वाव आहे हे खरं. तरी मी हिशोबात 20च धरतो. गंमत म्हणजे 20 धरूनही जजनंतर माझ्या यादीत सोटोच येतो, कारण 2021 ते 2025 तो दरवर्षी 150 च्या वर मॅच खेळलाय, आणि पहिल्या राउंडमध्ये आपण निम्मे पैसे या खात्रीचेच मोजत असतो. अ‍ॅव्हरेज .263 वर आलं ते तेवढं खटकतं.

आता अकुन्या. 2023 चे आकडे आठवले की अजूनही हात आपोआप त्याच्या नावाकडे जातो. 41 होमरन, 73 स्टील, .337, असं 40-70 त्याच्याआधी कोणी केलंच नव्हतं. म्हणून 2024 ला बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला पिक तोच होता आणि मे महिन्यात डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटून सीझन 49 मॅचमध्ये संपला. उजव्या गुडघ्याचं तेच 2021 मध्ये झालं होतं. 2025 ला परत आल्यावर 95 मॅचमध्ये 21 होमरन मारले, बॅट झकास आहे, पण स्टील किती, तर 9. म्हणजे तुम्ही 73 वाल्या माणसाची किंमत देऊन 9 वाला घेताय का, हे आधी स्वतःला विचारा. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला माणूस पुन्हा तसा पळेल यावर मी पहिला पिक लावणार नाही, दुसऱ्या राउंडला घसरत आला तर मात्र झडप घालीन.

म्हणून सोटो गेला असेल तर माझं मत हुलिओ रॉड्रिगेझला. 32 होमरन, 30 स्टील, .267. यात डोळे दिपवणारं काही नाही, पण पाचही कॅटेगरीत हातभार लावतो, आपल्याकडे ड्रीम11 मध्ये ऑलराउंडर घेतो ना, तसं. कुरकुर एकच, सुरुवातीला थंड असतो आणि तिकडचा उन्हाळा सरायला आला की पेटतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये तर सलग चार मॅचमध्ये 17 हिट मारल्या होत्या, तो रेकॉर्ड आहे. रोटिसरी लीग (अख्ख्या सीझनची बेरीज धरणारी) असेल तर एप्रिलचा शून्य आणि ऑगस्टचा धडाका शेवटी एकाच बेरजेत जातात, काही फरक पडत नाही. हेड-टू-हेड (दर आठवड्याला एका टीमशी सामना) असेल तर मात्र एप्रिल-मेमध्ये आठवडेच्या आठवडे हराल आणि शिव्या मला घालाल.

कॅरल म्हणजे खेळात हुलिओचाच भाऊ, फक्त थोडा लहरी. 31 होमरन, 32 स्टील, शिवाय 17 ट्रिपल (एका फटक्यात थेट तिसरा बेस), ज्यांना आपल्या पाच कॅटेगरीत वेगळी किंमतच नाही, वाईट वाटतं. 2024 ला त्याचं अ‍ॅव्हरेज .231 होतं हे विसरू नका. हुलिओ गेला असेल तर डोळे झाकून कॅरल. टाटीस (25 होमरन, 32 स्टील) याच पंक्तीतला, अर्धा राउंड नंतर मिळाला तर उत्तमच. टकर तब्येतीने सांभाळून घ्यावा लागतो.

पीट क्रो-आर्मस्ट्राँगच्या 31 होमरन आणि 35 स्टीलवर मात्र भुलू नका. त्यातले 25 होमरन ऑल-स्टार ब्रेकच्या (जुलैमधल्या सुट्टीच्या) आधीचे आहेत, नंतर फक्त 6. आणि ओनील क्रूझ, त्याच्याही 38 स्टील, अगदी सोटोएवढ्याच, पण अ‍ॅव्हरेज .200! असा एक माणूस तुमच्या टीमचं अ‍ॅव्हरेज एकटा बुडवतो.

तुमच्या लीगमध्ये अ‍ॅव्हरेजऐवजी ऑन-बेस पर्सेंटेज (आउट न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण) असेल तर सगळा डावच बदलतो, सोटोचं .396 आणि क्रो-आर्मस्ट्राँगचं .287, बोला आता. तिथे तर सोटो जजच्या मागोमाग डोळे झाकून उचलायचा, स्टीलचा विचारही नको.

आणि लीगमध्ये आउटफिल्डर तीन लागतात की पाच, हे आजच सेटिंगमध्ये जाऊन बघा. पाच असतील तर 12 टीम मिळून 60 आउटफिल्डर उचलतात, तळाचे अगदीच गाळ असतात, म्हणून पहिल्या तीन राउंडमध्ये दोन तरी उरकून टाका. तीनच असतील तर घाई नको. मूकी बेट्स आउटफिल्डमध्ये शोधू नका, तो आता शॉर्टस्टॉप (पुढच्या फळीतला फिल्डर) आहे, आणि 56 होमरनवाला श्वार्बर 2025 ला जवळजवळ पूर्ण वर्ष डीएच (फक्त बॅटिंग, फिल्डिंग नाही) खेळलाय, तुमची साइट त्याला आउटफिल्डर मानते का तेही तपासा.

दहावा नंबर आला असेल तर स्नेकमध्ये (दर राउंडला क्रम उलटा फिरतो) तुमचा पुढचा पिक पंधरावा. मी तिथे हुलिओ उचलीन आणि मधल्या चार पिकमध्ये अकुन्या कोणी नेतोय का ते बघत बसेन.