सीपॅप मशीन, 7 महिने: शिलाईकाम करणाऱ्या बाईचा अनुभव

गेल्या वर्षी नवरात्रात आम्ही घरातल्या बायका वणीला गडावर मुक्कामी होतो. सकाळी नणंदेनं मला बाजूला घेतलं. ‘‘वहिनी, तुम्ही रात्री घोरता, त्याचं काही नाही हो. पण मधेच सगळं शांत होतं. मी वीसपर्यंत आकडे मोजले, तरी तुमचा श्वास नाही. मग एकदम गुदमरून हिसका बसला.’’ मला घोरण्याचीच इतकी लाज वाटली की पुढचं कानात शिरलं नाही. खरं तर ते पुढचंच महत्त्वाचं होतं: मला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार होता, आणि त्यावरचं मशीन म्हणजे सीपॅप.

घरी हे सांगणारं कोणी नव्हतं. ह्यांची सातपूरला रात्रपाळी, पोरं बाहेरगावी. बाकीचं सगळं मात्र माझ्या अंगावर दिसत होतं. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. रात्रीत चार वेळा लघवीला उठायचं. शुगर तपासली, ती नॉर्मल. बीपीच्या दोन गोळ्या घेऊनही वरचा आकडा 150च्या खाली येईना. नाशिकच्या सिडकोत मी 20 वर्षं ब्लाऊज शिवते, पण दुपारी मशीनवर बसलं की डोळे मिटायला लागायचे. एकदा डोळा लागला, पाय पायडलवरच राहिला आणि सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. दोरा बोटातच अडकलेला. त्या दिवशी मी खरी घाबरले.

तेव्हाच्या डॉक्टरांनी ‘पाळी जायचं वय आहे, होतं असं’ म्हणून झोपेची गोळी दिली. तिनं सकाळ आणखी वाईट झाली. अशा काही गोळ्यांनी घशाचे स्नायू जास्त सैल पडतात आणि श्वास अडकणं वाढू शकतं, हे मला पुढे छातीच्या डॉक्टरांकडून कळलं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो. आणि पुष्कळ जणी घोरण्याची तक्रार घेऊन जातच नाहीत. थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, चिडचिड असं सांगतात, आणि तेवढ्यावरच औषध सुरू होतं. याचा मला अजून राग येतो.

या छातीच्या डॉक्टरांनी गळ्याचं माप विचारलं. 40 सेंटीमीटरच्या वर असेल तर शंका घ्यायची, म्हणजे पावणेसोळा इंच. दिवसभर दुसऱ्यांचे गळे मोजणाऱ्या मी स्वतःचा कधी मोजला नव्हता. टेप लावली, सोळा भरला. (बारीक गळ्याच्या माणसालाही हा आजार होतो, तेव्हा निव्वळ मापावर विसंबू नका.)

तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा लावून झोपायचं. रिपोर्टमध्ये तासाला 34 वेळा श्वास थांबलेला किंवा अगदी मंदावलेला. 5च्या आत असेल तर ठीक, 30च्या वर म्हणजे तीव्र. ऑक्सिजन 77पर्यंत उतरलेला. झोपेत घसा मिटतो, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही, मग मेंदू आपल्याला क्षणभर जागं करतो, आणि ते सकाळी आठवतही नाही. त्या ओढाताणीत हृदयावर ताण येतो, ते शरीरात पाणी जास्त झालंय असं समजून लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. माझ्या चार फेऱ्यांचं कारण ते होतं.

मशीन एक महिना भाड्यानं घेतलं, मग 42,000 रुपयांना विकत. ते मास्कमधून हवेचा दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं, एवढंच त्याचं काम. पहिल्या रात्री पावणेदोन तासांत काढून टाकलं. नाकाचा मास्क होता, तोंड उघडलं की हवा तोंडातून बाहेर पडायची. नाक-तोंड दोन्ही झाकणारा घेतला तेव्हा जमायला लागलं. दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता लावून बसायचे, त्यानं सवय झाली. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच तास झोपले.

जानेवारीत नाशिकची थंडी नळीत शिरली. मशीनला हवा दमट करणारी पाण्याची टाकी असते; ती गरम दमट हवा नळीत गार होऊन पाणी साचायचं, गुडगुड आवाज यायचा आणि पहाटे नाकावर थेंब पडायचे. मी नळीला फ्लीसच्या कापडाची गवसणी शिवली आणि मशीन पलंगाच्या खाली ठेवलं. त्रास थांबला. गालावर पट्ट्यांचे वळ उठायचे, तिथे जुन्या मलमलच्या साडीची पट्टी लावली. सुरुवातीला टाकीत नळाचं पाणी घालायचे, तळाशी पांढरा थर बसला. आता फक्त डिस्टिल्ड वॉटर. मास्कची गादी रोज सौम्य साबणानं धुते. लाइट गेली की लगेच जाग येते, म्हणून खोलीचा बोर्ड इन्व्हर्टरवर घेतला.

उणीव सांगायची तर पोटात हवा जाते, सकाळी ढेकर येतात. वजन काही उतरलं नाही. आणि मशीननं आजार मुळातून जात नाही. भाचीच्या लग्नात दोन रात्री नेलं नव्हतं, तिसऱ्या सकाळी तीच डोकेदुखी परत आली.

पण लघवीला आता एकदाच उठते. डोकेदुखी आठवड्यात गेली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बीपीची एक गोळी बंद केली, मी आपल्या मनानं केली नाही. दुपारच्या कामात पापणी मिटत नाही.

परवा पवननगरची एक बाई माप द्यायला उभी होती, सारखी जांभया देत. बीपीची गोळी चालू आहे का, सकाळी डोकं दुखतं का, विचारलं. दोन्हीला हो म्हणाली. खोलीत एकटीच झोपते. मी तिला मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून उशाशी ठेवायला सांगितलंय. मंगळवारी ब्लाऊज न्यायला येईल, तेव्हा दोघी मिळून ऐकू.