कोल्हापूर सर्किट बेंच : एका पक्षकाराचा अनुभव

ज्यांची हायकोर्टातली अपिलं मुंबईत पडून होती आणि आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापुरात बसणाऱ्या पण अजून कायम न झालेल्या खंडपीठाकडे, वर्ग झाली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बेंचबद्दल वकिलांनी बरंच लिहिलंय, पण पक्षकाराला तिथे काय मिळतं ते कुठे वाचायला मिळालं नाही.

आमची केस जत तालुक्यातली. पाझर तलावात आमची जमीन गेली. मोबदला कमी मिळाला म्हणून आण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा कोर्टात भांडले आणि तिथे रक्कम वाढवून मिळाली. त्यावर संबंधित खातं हायकोर्टात अपिलात गेलं. अपील पडून राहिलं, मध्येच आण्णा गेले, आणि त्यांचे वारस म्हणून आई, मी आणि भाऊ लागलो. मुंबईला जायचं तर मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी, दिवसभर कोर्ट, परत रात्रीची गाडी किंवा लॉजचं भाडं. आईला तर नेणं शक्यच नव्हतं. वकिलांचा फोन यायचा, "पुढची तारीख पडली." का पडली, कुणी मागितली, ते विचारायचं आम्हाला सुचतसुद्धा नसे.

17 ऑगस्ट 2025 ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे याखाली येतात. आमची फाईलही तिकडे गेली.

पहाटेच्या एसटीने निघालो. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च म्हणावा असा झालाच नाही. कोर्ट सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, जुन्या इमारतीत आहे. स्टँडवरून रिक्षाने दसरा चौकातून लगेच पोचता येतं. आदल्या रात्री मुंबई हायकोर्टाच्या वेबसाइटवर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघून आपला नंबर लिहून घ्या. आधार कार्ड जवळ ठेवा, आणि मोबाईल आत जाण्याआधीच बंद करा.

आईने आण्णांची पिशवी बरोबर आणली होती. जुनी नोटीस, सातबारा, निकालाची नक्कल, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. त्यातलं काहीच लागणार नाही असं सांगूनही तिने ऐकलं नाही. आम्ही मागच्या बाकावर बसलो. शिपायाने तिला "आजी, पंख्याखाली बसा" म्हणून जागा करून दिली. फाईलवर फाईल पुढे जात होती, नाडी सुटत होती, परत बांधली जात होती. आई प्रत्येक पुकाऱ्याला माझ्याकडे बघायची, मी मान हलवून नाही म्हणायचे.

आमचा नंबर दुपारी जेवणानंतर लागला. आमचे वकील तयार होते. समोरच्या बाजूने मुदत मागितली, कारण सांगितलं की खात्याकडून सूचना आलेल्या नाहीत. न्यायमूर्तींनी अपील किती जुनं आहे ते पाहिलं आणि शेवटची संधी म्हणून थोडी मुदत दिली. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. बाहेर आल्यावर आईने एवढंच विचारलं, "म्हंजे तारीख त्येनी मागितली? आपण न्हवं?"

नाही, आपण नाही. इतकी वर्षं तिची समजूत होती की आपल्याच वकिलात काही कमी आहे, किंवा आपणच वेळेवर पैसे दिले नाहीत. कोर्ट जवळ आल्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हाच. प्रवास आणि पैसे वाचले हे खरंच, पण उशीर कुणामुळे होतो ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. आमच्यासारख्या जुन्या प्रकरणांत 1894 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी 9 आणि पुढे दरसाल 15 टक्के व्याज लागतं. हरणाऱ्या अपिलात सरकार जितकी तारीख मागेल तितकं हे व्याज वाढतं, आणि ते आपल्याच करातून जातं. विधानसभेत याचा हिशेब कुणी मागत नाही याचा मला राग येतो.

उद्घाटनानंतर गावोगावी सगळ्याच पक्षांचे अभिनंदनाचे फलक लागले. माझ्या मते श्रेय वकिलांचं आणि त्यांच्याबरोबर रस्त्यावर बसलेल्या लोकांचं आहे. सहा जिल्ह्यांतल्या बार असोसिएशन चार दशकांच्या वर हे मागत होत्या. औरंगाबादला 1981 मध्ये बेंच झालं आणि पुढच्या काही वर्षांत कायमही झालं. कोल्हापूरला मात्र निवडणूक आली की आश्वासन आणि निवडणूक गेली की शांतता, असंच चाललं. आता कोल्हापुरातच शेंडा पार्कच्या जागेवर नवी इमारत व्हायची आहे. ती होईपर्यंत, आणि बेंच कायम होईपर्यंत, आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारत राहायला हवं.

दोन गोष्टी खटकल्या. सोलापूरच्या लोकांना अजून न्याय मिळालेला नाही असं माझं मत झालंय. त्यांना कोल्हापूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि मुंबईला निदान रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे. एसटी महामंडळाने कोर्टाच्या वेळा धरून सोलापूर-कोल्हापूर गाड्या सोडल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट भाषेची. तालुका आणि जिल्हा कोर्टाचं कामकाज मराठीत चालतं, 1998 पासून तसा सरकारचा आदेशच आहे. हायकोर्टात सगळं इंग्रजीत. आईच्या जमिनीबद्दल आईच्या समोर बोलणं चाललं होतं आणि तिला एक शब्द कळला नाही, मला कुजबुजत सांगावं लागत होतं. राज्यघटनेच्या कलम 348 (2) प्रमाणे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल हायकोर्टाच्या कामकाजात राज्याची भाषा वापरायला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहारमध्ये हिंदीला तशी परवानगी आहेही. सगळं कामकाज लगेच बदला असं मी म्हणत नाही. निदान आदेशाच्या शेवटच्या चार ओळी, म्हणजे काय ठरलं आणि पुढची तारीख कधी, एवढं मराठीत छापून पक्षकाराच्या हातात द्यावं.

पुढच्या तारखेला आई येणारच आहे. तुमचंही अपील वर्ग झालं असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा तरी बरोबर न्या, आणि सुनावणीच्या वेळी बाहेर चहाच्या टपरीवर न थांबता आत बाकावर बसा.