तयार आरसी विमानाची मजबुती: सायनो, इपॉक्सी की कार्बन?

बाल्सा या हलक्या लाकडाचं एआरएफ, म्हणजे जवळपास तयार मिळणारं रिमोटचं विमान खोक्यातून निघालं की मोटर बसवायची घाई होते. त्याआधी हॅच (वरचं झाकण) उघडून आत टॉर्च मारा आणि सांधे बघा. कारखान्यात गोंद लावताना हात आखडताच असतो. फायरवॉलच्या, म्हणजे मोटर बसते त्या नाकातल्या फळीच्या, कोपऱ्यात गोंदाचे दोन थेंब आणि बाकी कोरडं लाकूड, हे सर्रास दिसतं.

पंखाच्या फासळ्या, फॉर्मर (बॉडीच्या आतल्या आडव्या चौकटी), सर्व्हो ट्रे (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींची फळी) यांना पातळ सायनो पुरे. फेविक्विकच्याच जातीचा हा गोंद. बारीक नळीने कडेला सोडला की आपोआप सांध्यात शिरतो आणि वजन नावापुरतंच वाढतं. पण लाकूड लाकडाला टेकलेलं हवं, फट भरणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. शिवाय सुकल्यावर तो ठिसूळ होतो, म्हणून इंजिनाच्या हादऱ्यांपाशी त्याच्यावर विसंबू नका. थर्माकोलवर तर साधा सायनो नकोच, तो थर्माकोल विरघळवतो. तिथे फोम-सेफ घ्या.

फायरवॉल, लँडिंग गिअरचा ठोकळा आणि पंखांचा मधला जोड इपॉक्सीनेच (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) करावा, आणि तोही 30 मिनिटांच्या. पाच मिनिटांची इपॉक्सी लाकडात नीट मुरायच्या आत धरते, उन्हाळ्यात तर वाटीतच. फायरवॉलच्या मागच्या कोनात त्रिकोणी पट्टी चिकटवा. मग बॉडीच्या बाजूने फायरवॉलच्या जाडीत 2 मिमीची तीन-चार भोकं पाडा, इपॉक्सीत बुडवलेल्या बांबूच्या काड्या ठोका आणि वर आलेली टोकं कापून पॉलिश पेपर मारा. उद्या गोंद सुटला तरी काड्या मोटर धरून ठेवतात. ग्लो इंजिन (तेल मिसळलेल्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) असेल तर उघड्या लाकडावर इपॉक्सीचा पातळ हात फिरवा, नाहीतर तेल मुरून लाकूड पोचट होतं.

कार्बन फायबर दिसतो रुबाबदार, पण बाल्साच्या ट्रेनरला (शिकाऊ विमानाला) त्याची फारशी गरज नसते. फोमचा पंख लवत असेल तर खालच्या बाजूला खाच पाडून पट्टी बसवा, फरक लगेच जाणवतो. मात्र रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या आडोशाला ठेवू नका, सिग्नल अडतो. बाल्साच्या पंखाच्या मधल्या जोडावर 25 ग्रॅम प्रति चौरस मीटरचं फायबरग्लास कापड स्वस्तात काम करतं.

शेपटीपाशी मात्र चिक्कूपणाच करा. नाकापेक्षा शेपटी सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) कितीतरी लांब असते. मागे 10 ग्रॅम वाढले तर तोल साधायला पुढे 20-30 ग्रॅम शिसं लागू शकतं. मागे पातळ सायनोवरच भागवा.

लँडिंग गिअरही अभेद्य करू नका. ठोकळा पक्का करा, पण बोल्ट नायलॉनचेच ठेवा. आपटल्यावर ते तुटतात आणि पोट शाबूत राहतं.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर चांगली 30 मिनिटांची इपॉक्सी घ्या. सायनो नंतरही आणता येईल. आणि पंख-शेपटीच्या हलत्या भागांच्या बिजागऱ्या प्रत्येक उड्डाणाआधी ओढून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.