नमुना असली, बंडलं नकली

नकली वायर म्हटलं की लोकांना फुटपाथवरचा स्वस्त माल आठवतो. मला ती चांगल्या मोठ्या दुकानातून, नामांकित कंपनीच्या सीलबंद खोक्यात मिळाली, आणि भावही जवळपास असली मालाचाच घेतला गेला.

आत्याचं इंदूरच्या रामबागेतलं घर आमच्याकडे आलं. वायरिंग लाकडी पट्टीवरचं, रबर-कापडाच्या वायरी, हात लावला की भुगा. अर्थिंगचा तर पत्ताच नाही. मी आयटीआय केलेला, पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्समध्ये नोकरी, तेव्हा राहायला जाण्याआधी ओळखीच्या परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीखाली वायर आपणच ओढायची असं ठरवलं. दिवे-पंख्यांना दीड एमएम (म्हणजे आतल्या तारेच्या जाडीचं माप, चौरस मिलिमीटरमध्ये), पॉवर प्लगना अडीच, गीझर आणि एसीला चार.

दुकानदाराने काउंटरवर बंडल फोडून हातभर तुकडा कापून दिला. "भिया, घर ले जाके जला के देख लो." मी खरंच जाळून पाहिलं, खरवडून पाहिलं. शुद्ध तांबं. ऑर्डर दिली, पैसे दिले, माल संध्याकाळी लोडिंग रिक्षातून आला. वरची दीडची बंडलं अगदी व्यवस्थित होती. खालची अडीच आणि चारची नव्हती. महाग मापांची नकली बंडलं खाली दडवायची आणि वर असली ठेवायची, हा त्यांचा ठरलेला डाव असावा.

माझ्या लक्षात आलं ते स्वयंपाकघरातल्या बोर्डावर. सॉकेटचा स्क्रू आवळला की तारा कटाकट तुटायच्या. तांबं दबतं, असं तुटत नाही. ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तार सांडशीत धरून गॅसवर नेली, तर लोंबली आणि थेंब होऊन पडली. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तांब्याला १,०८५ लागतात, ते नुसतं लाल होतं.

मग वजनकाटा आणला. हे आधी करण्यासारखं, कारण त्यासाठी बंडल फोडावं लागत नाही. ९० मीटरच्या अडीच एमएमच्या बंडलात नुसतं तांबंच सुमारे दोन किलो असतं, वर पीव्हीसीचं वजन वेगळं. माझं बंडल प्लॅस्टिकसकट दोन किलो भरेना.

यात धोका काय, ते घरच्यांना समजावायला मला वेळ लागला. "एमसीबी आहे ना?" हा त्यांचा प्रश्न. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, फक्त करंट मोजतो, वायर कशाची आहे हे त्याला कळत नाही. मुलाम्याच्या तारेचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. म्हणजे तेवढ्याच करंटला दीडपट उष्णता, आणि एमसीबी मात्र शांत. जोडाशी तारा तुटलेल्या असल्या तर तिथे आणखी तापतं.

खोक्यावर आयएसआय मार्क होता, आयएस ६९४ हे पीव्हीसी वायरचं मानक होतं, खाली सीएम/एल, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा नंबरही होता. हा मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपवर नंबर टाकला तर बरोबर त्याच कंपनीचं नाव आलं! कारण नंबर खराच होता, फक्त छापणारे दुसरे होते. नंबर ॲपवर सापडला म्हणजे हातातली वायर असली, असं नाही.

दुकानदार म्हणाला, "पाइप में डली हुई वायर वापस नहीं होती." न उघडलेली बंडलं कुरकुरत बदलून दिली. बिल पक्कं होतं, जीएसटीसकट. पण त्यावर फक्त "वायर बंडल" लिहिलेलं. कंपनी नाही, एमएम नाही. त्यामुळे ती बंडलं त्याच्याकडचीच हे सिद्ध करणं जड गेलं. बिलावर कंपनी, माप आणि मीटर लिहून घ्या; कां-कूं करणाऱ्या दुकानातून उठा. आणि पोचलेलं प्रत्येक बंडल, नुसतं वरचं नव्हे, रिक्षावाला उभा असतानाच तोला.

भिंतीतली सगळी वायर ओढून काढली. भंगारवाल्याने एक टोक खरवडलं आणि काही न विचारता ॲल्युमिनियमचा भाव सांगितला. एक बंडल मात्र खोक्यासकट ठेवून घेतलं आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि बीआयएसच्या ॲपवरही. कंपनीला फोटो पाठवले आहेत. नवी वायर कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून घेतली, त्याच्याच काट्यावर तोलून.