ब्रिटिश म्युझियमची असिरियन दालनं: आधी १० नंबर, मग बाकी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तळमजल्यावर ६ ते १० क्रमांकाची दालनं असिरियाची, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन साम्राज्याची आहेत. प्रवेश फुकट. इजिप्तच्या ४ नंबरमधून गर्दीबरोबर आत येणारा माणूस पंखवाल्या सिंहांपाशी फोटो काढतो, निमरुद या असिरियन शहरातल्या कोरीव दगडी पटांमध्ये थकतो आणि खरा ऐवज येईपर्यंत त्याचे पाय बोलायला लागलेले असतात. म्हणून आधी १० नंबर गाठावा.

१०अ मध्ये असिरियाचा राजा असुरबनिपाल याची सिंहांची शिकार पटांवर कोरलेली आहे, राजधानी निनेवेच्या उत्तर महालातली, साधारण इ.स.पू. ६४५ची. कोरीवकाम अगदी उथळ असल्यामुळे समोरून सपाट वाटतं. जरा तिरपं उभं राहिलं की आयाळीचा केस न् केस दिसतो. ही शिकार रानातली नव्हे. पिंजऱ्याच्या माथ्यावर छोट्या खोक्यात बसलेला माणूस दार वर ओढून सिंह सोडतोय, तो पट चुकवू नये. राजाच्या कमरपट्ट्यात खोचलेली लेखणीही शोधावी: लिहितावाचता येण्याचा त्याला केवढा अभिमान! मागचे पाय लुळे पडून फरफटत जाणारी सिंहीण मात्र शोधावी लागत नाही.

१०ब म्हणजे असिरियाने यहुदा राज्यातल्या लाखीश शहराला घातलेला वेढा, इ.स.पू. ७०१. पट डावीकडून उजवीकडे वाचायचे. मातीचे उतार रचून त्यावरून तट फोडायची चाकांची यंत्रं वर चढवलेली आहेत. वरून पेटते पलिते पडताहेत आणि यंत्रातला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने पुढच्या भागावर पाणी ओततोय, यंत्र पेटू नये म्हणून. पुढे सामानाने लादलेल्या गाड्या, हद्दपार होणारी बायकापोरं आणि शेवटी सिंहासनावर असिरियाचा राजा सेनाखेरिब. त्याचा चेहरा मुद्दाम छिन्नविछिन्न केलेला आहे. इ.स.पू. ६१२ मध्ये मीड (इराणमधले लोक) आणि बॅबिलोनी फौजांनी निनेवे घेतलं, तेव्हाचा हा राग असावा असं मानतात.

१०क मध्ये दुसऱ्या सारगॉन राजाच्या खोर्साबाद या राजधानीतले पंखवाले बैल. पाय पाच: समोरून दोन, बाजूने चार दिसावेत म्हणून. एकाच्या चौथऱ्यावर वीस घरांच्या एका प्राचीन खेळाचा पट ओरखडलेला आहे, बहुधा पहारेकऱ्यांनी. वाकून पाहिल्याशिवाय सापडत नाही.

निमरुदची ७ आणि ८ भराभर उरकली तरी चालतात. दुसऱ्या असुरनासिरपाल राजाचा तोच तो लेख पटामागून पटावर, तोही आकृत्यांच्या अंगावरूनच कोरलेला. ६ नंबरमधल्या काळ्या स्तंभाला मात्र पाच मिनिटं द्यावीत: वरून दुसऱ्या ओळीत इस्रायलचा राजा येहू असिरियाच्या तिसऱ्या शाल्मनेसर राजापुढे जमिनीला कपाळ टेकतोय. हे पट मुळात रंगवलेले होते, हे डोक्यात ठेवूनच सगळं पाहावं. नाहीतर असिरिया राखाडीच वाटतो.

तक्रार आहे ती बॅबिलोनबद्दल, म्हणजे असिरियाच्या दक्षिणेकडच्या शेजाऱ्याबद्दल. खाली एवढा दगड पाहून वर ५५ नंबरला आलं की बॅबिलोन किरकोळ वाटतो. कारण साधं आहे. असिरियाला मोसुलच्या आसपास जिप्समचा मऊ दगड मिळत होता. दक्षिणेत गाळाची माती, म्हणून तिथे बांधकाम विटांचं. हे मांडणीतूनच ठसायला हवं होतं. ५५ मधली प्रलयकथेची पाटी, म्हणजे गिल्गमेश या प्राचीन महाकाव्याची अकरावी, तीसुद्धा निनेवेच्या ग्रंथालयातली नक्कल आहे. खास बॅबिलोनचं म्हणून मातीच्या पाटीवरचा जगाचा नकाशा पाहावा. तो तळहाताएवढाच आहे, त्यामुळे नजरेतून सुटतो. विटांचं वैभव पाहायचं तर बर्लिनच्या पेर्गामोन म्युझियममधलं बॅबिलोनचं इश्तार द्वार, पण ते म्युझियम ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे.

शुक्रवारी म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. शाळांच्या सहली गेल्यावर १०अ निवांत मिळतं. काही दालनं मधूनच बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ पाहावं. नेमकं ५५ बंद असलं, तर बॅबिलोनच्या नावावर ५२ मधला सायरसचा मातीचा दंडगोल उरतो, आणि तो तर इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन जिंकणाऱ्या पर्शियन राजाचा.